पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? पहिल्यांदा घरमालक होणाऱ्यांसाठी सगळं एका ठिकाणी

ऑफिसात कुणीतरी सांगतं, "एक फ्लॅट घेऊन टाक, भाड्यातून हप्ता निघतो." पुण्यात आजच्या घडीला भाड्यातून हप्ता निघत नाही, निम्मा निघाला तरी नशीब म्हणायचं. तरीही लोक घेतात, काहींच्या बाबतीत ते बरोबरही असतं, पण आकडे माहीत असून घेणं वेगळं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं ऐकून घेणं वेगळं. खाली जे लिहिलंय ते पुणे-पिंपरी चिंचवड डोळ्यापुढे ठेवून. कायद्याचा भाग महाराष्ट्रात सगळीकडे तोच, भाड्याचे आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

पहिलं काम: कागद-पेन घ्या

समजा वाकडला ७५ लाखांचा टू बीएचके बघितलाय. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे सव्वापाच लाख (घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि भाड्याने जाण्यासारखा करायचा म्हणजे किचन ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब, पंखे, लाईट, गिझर, जाळीचे दरवाजे, यात तीनेक लाख आरामात जातात. झाले साधारण साडेत्र्याऐंशी लाख. बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये घेतला तर वर ५ टक्के जीएसटी, तो वेगळा.

आता भाडं धरा २५ हजार. वर्षाचे १२ महिने धरू नका, ११ धरा, एक महिना कुठे ना कुठे रिकामा जातोच. २ लाख ७५ हजार. यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजारांप्रमाणे ३६ हजार, मिळकतकर समजा १८ हजार, ब्रोकरेज एक वर्षाआड २५ हजार म्हणजे वर्षाला साडेबारा, किरकोळ दुरुस्त्या १५ हजार. हातात उरले १ लाख ९३ हजार ५००. साडेत्र्याऐंशी लाखांवर सव्वादोन टक्के आणि वर थोडं. बँकेतली साधी एफडी याच्या दुपटीहून जास्त देते, आणि एफडीचा नळ गळत नाही.

कर्जाचं बघा. ६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ५२ हजारांच्या आसपास. खर्च जाऊन भाड्यातून महिन्याला येणार १६ हजार, म्हणजे ३६ हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. हे जमणार असेल आणि जागेचा भाव वाढेल यावर तुमचा खरंच विश्वास असेल तर पुढे वाचा. भाव वाढेलच असं मी सांगणार नाही, पुण्यात वर्षानुवर्षं भाव जागच्या जागी थिजलेले पण लोकांनी बघितलेत.

फ्लॅट आधीच असेल, वडिलोपार्जित किंवा तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात म्हणून रिकामा पडलेला, तर हा सगळा हिशोब सोडून द्या. रिकाम्या फ्लॅटला मेंटेनन्स आणि टॅक्स लागतोच, द्या भाड्याने.

फ्लॅट बघताना भाडेकरूच्या डोळ्याने बघा

स्वतः राहायला घेताना आपण देवघर कुठे येईल, बाल्कनीतून डोंगर दिसतो का हे बघतो. भाडेकरू बघतो ऑफिसला किती वेळ लागतो, पाणी चोवीस तास आहे का, आणि टू-व्हीलर कुठे लावायची. हिंजवडीला जाणारा माणूस वाकड, ताथवडे, पुनावळे बघणार, खराडीवाला चंदननगर, वाघोली, मगरपट्ट्यातला हडपसर. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन या, रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून नाही.

गेटवरच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात. बिल्डर, सेल्सवाला, सोसायटीचा चेअरमन हे सगळे सांगणार नाहीत पण तो सांगतो. आणि जवळच्या दोन-तीन ब्रोकरांना ग्राहक म्हणून नाही तर घरमालक म्हणून फोन लावा, "या सोसायटीत टू बीएचके द्यायचाय, किती भाडं येईल आणि किती दिवसांत जाईल?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकाच टॉवरमध्ये २०-२५ फ्लॅट रिकामे असतील, नव्या पझेशनच्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास असतं, तर तुम्ही मागाल तो भाव येणार नाही, सगळे गुंतवणूकवाले एकदम बाजारात उतरलेले असतात.

कागदपत्रांत नवा प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) साईटवर नंबर टाकून बघा, तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), आधीच्या खरेदीचा इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र आणि शेअर सर्टिफिकेट. हे वकिलाला दाखवा, पाच-दहा हजार जातील, जाऊ द्या. भोगवटा नसलेला फ्लॅट दहा लाख स्वस्त मिळतोय म्हणून उडी मारू नका.

फर्निचर किती करायचं

पुण्यात सेमी-फर्निश्ड म्हटलं की लोकांच्या डोक्यात ट्रॉल्या असलेलं किचन, वॉर्डरोब, पंखे-लाईट, गिझर, पडद्याचे रॉड एवढं असतं. तेवढं करा आणि थांबा. सोफा, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन दिलं की भाडं पाच-सहा हजारांनी वाढतं हे खरं, पण फ्रिज बंद पडल्यावर रात्री साडेनऊला "काका, फ्रिज थंड करत नाहीये" असा फोन तुम्हाला येणार, आणि दोन वर्षांनी भाडेकरू गेल्यावर सोफ्याची अवस्था बघवत नाही.

पैसे घालायचेच असतील तर बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमध्ये घाला. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने मेसेज सुरू होतात, टाईल्स फोडाव्या लागतात, भाडेकरू वैतागतो, आणि पावसाळ्यात काम होत नाही म्हणून दिवाळीपर्यंत सगळं लटकतं. फ्लॅट देण्याआधी बाथरूममध्ये जाळीवर फडकं घालून २४ तास पाणी साठवून ठेवा, खालच्या घरी जाऊन बघा. ही टेस्ट फुकट आहे.

भाडेकरू निवडणं

दोन गोष्टी बघायच्या, पगार भाड्याच्या साधारण तिप्पट आहे का, आणि आधीच्या घरमालकाशी बोलणं. दुसरं कुणी करत नाही. आधीच्या मालकाचा नंबर मागा, मिळत नसेल तर का मिळत नाही ते विचारा, आणि फोनवर एवढंच विचारा, "परत भाड्याने द्याल का यांना?" समोरचा किती वेळ थांबून उत्तर देतो त्यावरून कळतं. कंपनीचं आयडी, आधार, पॅन, पगाराच्या तीन स्लिपा घ्या. देणारा मनापासून देतो, उगाच चिडणाऱ्याचं चिडणं लक्षात ठेवा.

आडनाव, जात, धर्म, ताटात काय असतं यावरून माणसं नाकारू नका. चूक तर आहेच, शिवाय धंदा म्हणूनही मूर्खपणा आहे, वेळेवर भाडं देणारा चांगला माणूस परत पाठवून फ्लॅट दोन महिने रिकामा ठेवणारे पुण्यात पायलीला पन्नास भेटतील. बॅचलर मुलं-मुलींचंही तेच. सोसायटीचं काही म्हणणं असेल तर आधी लेखी विचारून घ्या, पण "बॅचलर म्हणजे कटकट" हे डोक्यातून काढा. तीन नोकरीवाल्या मुली फ्लॅट जसा ठेवतात तसा कित्येक फॅमिली ठेवत नाहीत.

आणि नातेवाईक. मावशीच्या दिराचा मुलगा आहे, ओळखीतला आहे, करार कशाला? ओळखीतल्यालाच करार पाहिजे बाबांनो, अनोळख्याला भाडं मागताना तोंड तरी उघडतं.

करार: इथे घाई नाही, आळस पण नाही

हा भाग सगळ्यात जास्त लोक चुकवतात म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्रात घर राहायला देताना आपण जो करार करतो तो लीव्ह अँड लायसन्सचा. यात राहणाऱ्याला जागा वापरायची फक्त परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५ सांगतं की हा करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर झालेला पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा डोकेदुखी दुसरीच आहे: रजिस्टर करार नसेल आणि वाद झाला, तर कुठल्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम तुमच्यावर.

"पण ११ महिन्यांचा आहे ना, मग रजिस्टर कशाला, नोटरी करू" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. बाकी बऱ्याच राज्यांत एक वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, तिथून ही ११ महिन्यांची पद्धत आली. आपल्याकडे ११ काय न एक काय, रजिस्टर करायचाच. नोटरीचा शिक्का मारलेला शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर इथे कामाचा नाही, भले तो तुम्हाला "एकदम लीगल" म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दिलेला असो.

खर्च किती? एकूण भाडं, अधिक परत न मिळणारं काही डिपॉझिट असेल तर ते, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिने, तर होते साधारण ७०५ रुपये. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. एजंट आपली फी वरून घेतो. बहुतेक ठिकाणी खर्च दोघांत अर्धा-अर्धा करतात. म्हणजे ७५ लाखांची जागा सांभाळायला दोन पिझ्झ्यांचे पैसे, आणि लोक तेही वाचवायला बघतात.

आता हे सगळं घरबसल्या ऑनलाईन होतं. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारवर ठसे घेतो. फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर असेल तर म्हाताऱ्या माणसांचे ठसे मशीन पटकन घेत नाही, घासून घासून रेषा गेलेल्या असतात, मग ओल्या फडक्याने अंगठा पुसा, हा नको ते बोट लावा, असं अर्धा तास चालतं. घाईत बोलवू नका त्याला. आणि सबमिट करायच्या आधी ड्राफ्ट स्वतः वाचा, फ्लॅट नंबर, विंग, तारखा, भाडं आकड्यात आणि अक्षरात. एजंटकडे मागच्या गिऱ्हाईकाची फाईल कॉपी केलेली असते, त्यात भलत्याच सोसायटीचं पार्किंग तुमच्या करारात येऊन बसतं. दुय्यम निबंधकाकडून मंजूर झालं की काही दिवसांत पीडीएफ येते, इंडेक्स टू सकट जपून ठेवा.

अटींमध्ये काय घालायचं: नोटीस पिरियड एक महिना, लॉक-इन (तेवढे महिने मधेच सोडायचं नाही अशी अट) हवा असेल तर किती, भाडं कुठल्या तारखेपर्यंत, लाईट-गॅसचं बिल कोणी भरायचं, मेंटेनन्स कोण भरणार, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, किरकोळ दुरुस्ती (नळ, बल्ब, फ्लश) त्याची आणि मोठी (गळती, वायरिंग, गिझर जळणं) तुमची. आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं. ११ महिन्यांऐवजी २२ किंवा ३३ महिन्यांचा करून मधे ५ टक्के वाढ लिहून ठेवलीत तर दर वर्षी अंगठ्याची वरात काढावी लागत नाही, मला तेच बरं वाटतं.

करार संपायची तारीख मोबाईलमध्ये दोन महिने आधीचा अलार्म लावून ठेवा. करार चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही कागद तुमच्या बाजूने असतो: त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण करार संपला, तुम्ही "राहा अजून सहा महिने, बघू" म्हणालात आणि भाडं घेत राहिलात, की तुम्हीच आपली बाजू लंगडी करून ठेवता.

भाडं थकलं म्हणून लाईट-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सोयी तोडणं त्याच कायद्यात गुन्हा आहे, मग तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, पुण्यात ऑनलाईन भरता येते किंवा चौकीवर फॉर्म देता येतो. पोच जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, पुण्यात विद्यार्थी भरपूर आहेत, तर त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) २४ तासांच्या आत ऑनलाईन भरायची असते, त्यात कुचराई नको.

सोसायटीला कराराची आणि पोलिसांच्या पोचीची कॉपी द्या. तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या (वॉचमन, सफाई, लाईट अशा रोजच्या खर्चाचा भाग) १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. लक्षात घ्या, अख्ख्या मेंटेनन्स बिलाच्या नाही, त्यातल्या सेवा शुल्काच्या. सेवा शुल्क २ हजार असेल तर महिना २०० रुपये. बऱ्याच सोसायट्या आपल्या मनाने हजार-हजार लावतात, एक अर्ज त्या आदेशाचा उल्लेख करून दिलात की बहुतेक वेळा आकडा खाली येतो. भांडायला जाऊ नका, उद्या पाईपलाईनचं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचंय.

मिळकतकराचंही एक. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करात जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याने दिलेल्या घराला नाही. त्यामुळे आत्ताचं बिल बघून हिशोब करू नका.

इन्कम टॅक्स, जेवढा लागतो तेवढा

आलेल्या भाड्यातून त्या वर्षात तुम्ही खरोखर भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्याच्या सरसकट ३० टक्के वजा, मग कर्जाचं व्याज. वरच्याच उदाहरणात २ लाख ७५ हजारांतून १८ हजार गेले, राहिले २ लाख ५७ हजार, त्याचे ३० टक्के ७७,१०० गेले, राहिले १ लाख ७९ हजार ९००. रंग, प्लंबर, सोसायटी याच्या पावत्या वेगळ्या दाखवायच्या नसतात, ते त्या ३० टक्क्यांतच आलं. व्याज जास्त असेल तर तोटा दिसतो, जुन्या कर प्रणालीत यातले २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतात, नव्या प्रणालीत पगारातून काहीच वजा होत नाही. सीएला फोन करायच्या आधी आपण कुठल्या प्रणालीत आहोत ते बघा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

भाडं रोख घेऊन लपवायची आयडिया डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, भाडेकरू एचआरएची (पगारातला घरभाडे भत्ता) करसवलत घेताना तुमचा पॅन देणारे, वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर त्याला द्यावाच लागतो. महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तर त्याने २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा.

अमेरिका, दुबई, जर्मनीत बसून पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांचं वेगळं आहे. तुम्ही अनिवासी असाल तर भाडं कितीही छोटं असो, भाडेकरूला ३० टक्के आणि वर सेस एवढा टीडीएस कापावा लागतो. हे त्याला बिचाऱ्याला माहीत नसतं, आधीच सांगा, नाहीतर पुढे नोटीस त्याला येते. जादा कापलेला रिटर्न भरून परत मिळतो. करारासाठी इथल्या भावाला किंवा बहिणीला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देऊन ठेवा.

चाव्या देताना, चाव्या घेताना

देतानाच्या दिवशी भाडेकरूसोबत घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक ट्रॉली ओढून, भिंतीवरचे आधीचे खिळे-भोकं दाखवून, लाईट मीटरचं रीडिंग मोठ्याने वाचून. तिथल्या तिथे त्याला पाठवा. दोन वर्षांनी "हा ओरखडा आधीच होता" यावर वाद होणार नाही. लाईटचं बिल तुमच्याच नावावर राहू द्या पण महावितरणच्या अ‍ॅपवर दर महिन्याला भरलं का ते बघत जा, थकबाकी राहिली तर मीटर तुमचा आहे.

भाडं वाढवायची वेळ येते तेव्हा ब्रोकर सांगेल, "काका, मार्केट २७ चाललंय, याला काढा." आकडे मांडा. नव्या भाडेकरूकडून २ हजार जास्त म्हणजे ११ महिन्यांत २२ हजार. त्यासाठी एक महिना रिकामा, २५ हजार गेले, ब्रोकरेज एक महिन्याचं २७ हजार, रंग आणि सफाई वेगळी. वेळेवर भाडं देणारा माणूस ५ टक्के वाढवून, २६,२५० वर राहायला तयार असेल तर राहू द्या. ब्रोकरचा फायदा माणूस बदलण्यात आहे, तुमचा नाही.

तो जाणारच असेल तर नोटीस मिळाल्या दिवसापासून जाहिरात टाका, जायची वाट बघू नका. फक्त फ्लॅट दाखवायला येताना आदल्या दिवशी त्याला विचारून या, घर तुमचं असलं तरी राहतो तो आहे. जायच्या दिवशी जुना व्हिडिओ उघडून परत एक चक्कर मारा, लाईट-गॅसची शेवटची बिलं बघा, सोसायटीची पार्किंग स्टिकर आणि गेटची कार्डं परत घ्या, चाव्यांचे सगळे जोड मोजा. रोजच्या वापराने रंग मळणं, बिजागरं सैल होणं हे डिपॉझिटमधून कापायचं नसतं, फुटलेलं बेसिन आणि तुटलेली ट्रॉली कापा, प्लंबर-सुताराची पावती दाखवून. उरलेली रक्कम तो टेम्पो भरत असतानाच ट्रान्सफर करा, मेसेज आल्यावर चाव्या घ्या. लॅचचं सिलिंडर मात्र नवा भाडेकरू यायच्या आत बदलून टाका, हजारभरात होतं, आणि त्या घरी राहायला येणाऱ्याला सांगाही की बदललंय.